ओपीटीचा अर्ज: सगळा घोळ तारखांचा

अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकून झाल्यावर १२ महिने नोकरी करण्याची मुभा मिळते, ती ओपीटी (ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग). त्यासाठीचा आय-७६५ फॉर्म भरणं अवघड नाही. डोकं खातात त्या तारखा.

सुरुवात विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातून. तिथले डीएसओ, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसाची कामं पाहणारे अधिकारी, सेव्हिस या सरकारी नोंदप्रणालीत शिफारस नोंदवतात आणि ओपीटीची नोंद असलेली नवी आय-२० (विद्यार्थी दर्जाचं प्रमाणपत्र) देतात. तिच्यावर आधी सही करायची, मगच स्कॅन. अर्जाची खिडकी शिक्षणक्रम संपायच्या ९० दिवस आधी उघडते आणि संपल्यावर ६० दिवसांनी बंद होते. पण शिफारस नोंदल्यापासून ३० दिवसांत अर्ज यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, पोचायलाच हवा. लोक फसतात ते इथेच: ६० दिवस आहेत म्हणून निवांत राहतात आणि ३० दिवस उलटतात. अर्ज नामंजूर, फी बुडाली. शिफारशीच्या आधीच अर्ज टाकला तरी तेच. खिडकी उघडी असेल तर नवी आय-२० घेऊन, पुन्हा फी भरून अर्ज करता येतो.

फॉर्ममध्ये पात्रतेचा कोड सी-३-बी. सोबत पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद), फोटो आणि आधीचं ईएडी कार्ड (काम करण्याचा परवाना) असेल तर तेही.

ओपीटी सुरू होण्याची तारीख शिक्षणक्रम संपल्यापासून ६० दिवसांच्या आतली निवडायची. नोकरी हातात नसताना मी उशिराची घेतली, आणि तसंच करावं असं माझं मत आहे. ओपीटीत बेरोजगार राहण्याची मुभा ९० दिवसांचीच, आणि ते ईएडी कार्डावरच्या सुरुवातीच्या तारखेपासून मोजतात. कार्ड टपालात असलं तरी. शनिवार-रविवारही त्यात धरतात. मात्र अर्ज लांबवू नका. ओपीटी शिक्षणक्रम संपल्यापासून १४ महिन्यांत संपवावी लागते, त्यामुळे मंजुरी रेंगाळली तर शेवटचे महिने कापले जाऊ शकतात.

आठवड्याला किमान २० तास आणि आपल्या विषयाशी संबंधित काम हवं. बिनपगारीही चालतं. कंपनीचं नाव, पत्ता वगैरे १० दिवसांत सेव्हिप पोर्टल या विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकायचं. कामाचा विषयाशी संबंध सांगायच्या रकान्यात 'मी डेटा सायन्स शिकलो' एवढंच लिहून भागत नाही. कोणता अभ्यास कोणत्या कामात वापरता ते लिहा.

पदवी स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतली असेल तर आणखी २४ महिने. तेव्हा कोड सी-३-सी, कंपनी ई-व्हेरिफाय या कामाचा परवाना तपासण्याच्या सरकारी यंत्रणेत नोंदलेली हवी आणि बिनपगारी काम बाद. जुनं कार्ड संपण्यापूर्वी, शिफारशीपासून ६० दिवसांत अर्ज गेला, तर निकाल येईपर्यंत १८० दिवस काम चालू ठेवता येतं. खरा वेळ जातो तो आय-९८३ या प्रशिक्षण आराखड्यात. तो तुम्ही आणि कंपनीने मिळून भरायचा असतो, आणि एचआरला बऱ्याचदा तो काय आहे हेच ठाऊक नसतं. मसुदा स्वतः तयार करून थेट मॅनेजरपुढे ठेवा.