तुम्ही विचारलंत म्हणून: कोळंबी का नाही?

कोकणातले असून तुम्ही बेने इस्रायली, म्हणजे इथले यहुदी लोक, कोळंबी, खेकडे कसे खात नाही, हे मला नेहमी विचारतात आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा उत्तरही स्वतःच शोधलेलं असतं, की पूर्वी फ्रिज नव्हते, लवकर खराब होत असणार. मग फ्रिज आल्यावर विषय संपायला हवा होता ना! तोरात, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, एवढंच आहे की पर आणि खवले असलेला मासा खा, बाकीचं नको. का, ते दिलेलं नाही. म्हणून बांगडा, रावस चालतो, मोरी, शिंगाळा नाही.

चोरी करू नका हे कुणालाही पटतं. पण लोकर आणि लिनन एकत्र असलेला कपडा घालू नका, डुक्कर खाऊ नका, असल्या आज्ञांना हुकीम म्हणतात, कारण न सांगितलेल्या. १२व्या शतकातला यहुदी पंडित मायमोनिडीस स्वतः डॉक्टर, निषिद्ध खाणं तब्येतीला वाईट असतं, असं तो म्हणून गेला. एवढा मोठा माणूस, पण हे मला नाही पटत. तब्येतीसाठीच पाळायचं तर उद्या डॉक्टर कोळंबी खा म्हणाला की संपलं.

आमच्यात पिढ्यानपिढ्या सांगतात, डेव्हिड राहाबी नावाचा बाहेरचा यहुदी कोकणात आला तेव्हा हे शनवार तेली (शनिवारी काम न करणारे तेली, म्हणजे आम्हीच) खरंच यहुदी आहेत का बघायला त्याने बायकांना सगळे मासे मिसळून रांधायला दिले, तर त्यांनी बिनखवल्याचे वेचून बाजूला काढले, हे आम्ही खात नाही म्हणाल्या. हिब्रू विसरलेली, तोरा जवळ नाही, प्रार्थनांमधली एक शेमा, देव एकच आहे सांगणारी, तेवढी तोंडात राहिलेली, आणि तरी मासे निवडताना हात चुकत नाहीत. मला वाटतं कारण माहीत असतं तर कुणीतरी कधीतरी म्हणालंच असतं की इथे ते लागू नाही, सोडा आता. कारणच नव्हतं म्हणून वाद घालायला जागा नव्हती, आपण कोणाचे एवढंच त्यात होतं, आणि ते टिकलं.

आणि नाही, आम्हाला किळस येते म्हणून नाही. जुन्या काळचे यहुदी धर्मगुरू रब्बी एलाझार बेन अझर्या म्हणून गेलेत की डुक्कर मला नकोच असं म्हणू नये, हवंय, पण काय करू, स्वर्गातल्या बापाने नको सांगितलंय, असं म्हणावं. शेजारी कोळंबीचं कालवण शिजत असलं की वास मलाही मस्त वाटतो, मी तसं सांगतेही. खात मात्र नाही.