शाळा कुणी धरून ठेवली, ते लिहून ठेवताना

कोल्हापूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलामागं बहुधा एक फलक असतो : नाव, कधीपासून, कधीपर्यंत. शाळेचा इतिहास लिहायला बसलं की तोच फलक वहीत उतरतो. पण मुख्याध्यापकांची बदली होते, शाळा गावातच राहते. जूनमध्ये घरोघर फिरून पहिलीची पोरं गोळा करणारी आई, मे महिन्यात झाडं जगवणारा शेजारी, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी, शैक्षणिक उठावाची, म्हणजे शाळेसाठी गावातून गोळा होणाऱ्या मदतीची पावतीपुस्तकं घेऊन हिंडणारी तरुण मंडळाची पोरं, यांची नोंद कुठंच नसते. शाहू महाराजांनी १९१७ साली जिथं प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथं तरी ती राहायलाच हवी.

लगेच मुलाखती घ्यायला धावू नका, आधी कपाट उघडा. शाळा व्यवस्थापन समितीचं प्रोसिडिंग (सभांच्या ठरावांची वही), शेरेबुक (भेट देणाऱ्यांच्या शेऱ्यांची वही), डेडस्टॉक रजिस्टर (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंद), चार्ज यादी (बदलीच्या वेळी ताब्यात द्यायच्या वस्तूंची यादी), उठावाच्या पावत्यांच्या स्थळप्रती (पुस्तकात राहिलेल्या प्रती). ही समिती शिक्षण हक्क कायद्यानं आली आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यामुळं त्याआधीची माणसं या समितीच्या वहीत सापडायची नाहीत. ग्रामशिक्षण समितीची जुनी वही मागा. प्रोसिडिंगमध्ये ठरावाखालचे सूचक-अनुमोदक बघत जा. सलग आठ-दहा सभांत तेच नाव आलं, तर पहिली मुलाखत त्याच माणसाची. डेडस्टॉकमध्ये पाण्याच्या टाकीपुढं नुसतं ‘लोकसहभागातून’ लिहिलेलं असतं. ती तारीख धरून स्थळप्रती चाळल्या की देणाऱ्यांची नावं निघतात.

सह्यांवर मात्र विसंबू नका. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं कायदा सांगतो. पण वही सहीपुरती घरी गेली होती की बाई सभेत बसून बोलल्या होत्या, हे सहीवरून कळत नाही. त्यांनाच विचारा, आणि तेही घरातली पुरुष मंडळी किंवा सरपंच समोर नसताना.

मुलाखतीला दोघं जा, एक बोलायला आणि एक टिपायला. पंखा बंद, मोबाईल फ्लाइट मोडवर, रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तारीख, गाव आणि नाव. चाळीस मिनिटं पुरे. “शाळेसाठी तुम्ही काय केलं?” असं विचारलंत तर “मी कुठलं काय, समद्यांनी मिळून केलं” एवढंच हाती लागेल. त्यापेक्षा किल्ली कुणाकडं असायची, गॅस संपला तर सिलिंडर कुणाच्या घरचा यायचा, बाई रजेवर असल्या की पोरांकडं कोण बघायचं, हे विचारा. साल आठवत नसेल तर खुणा द्या : १९६७ चा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर. “पुराच्या आधी की नंतर?” या एका प्रश्नावर नेमका काळ सापडतो.

लिहिताना ‘मोलाचे सहकार्य लाभले’ हे वाक्य खोडून टाका. ते सत्काराच्या शालीबरोबर जातं. त्यातून पुढच्याला काही कळत नाही. ‘चार उन्हाळे, एक दिवसाआड, हापशावरून १५ घागरी, १२ रोपांना’ असं लिहिलं तर कळतं, आणि ते काम पुढं कुणी उचलायचं हेही गाव ठरवू शकतं.

नदीकाठच्या गावांत जुन्या वह्या पुरात भिजलेल्या असतात. वही भिजली की पहिल्या दोन दिवसांतच हात घाला, नाहीतर बुरशी धरते. उन्हात टाकू नका : कागद आखडतो, शाई उडते. सावलीत ठेवून पानांमध्ये कोरा टिपकागद घाला आणि तो ओला झाला की बदला. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई पानाला लागते. चिकटलेली पानं ओढलीत की अक्षरासकट फाटतात. ती तशीच राहू द्या.

जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या दाखलनोंदीच्या वहीत, मुलांची जात आणि जन्मतारीख असते. त्या पानांचे फोटो काढू नका. मोठ्यांचंही बोलणं कुठं लावायचं तर आधी लेखी संमती घ्या, आणि लिहिलेलं त्यांना एकदा वाचून दाखवा.

तयार वहीच्या तीन प्रती करा : शाळेत, गावच्या वाचनालयात आणि ग्रामपंचायतीत. पूररेषेतलं गाव असेल तर एक तरी माडीवर. शाळेतली प्रत चार्ज यादीत अनुक्रमांक देऊन चढवा, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकांना ती सही करूनच ताब्यात घ्यावी लागेल.