पासपोर्टची पावती

माझ्या मुलाचा पासपोर्ट माझ्याकडे नसतो. त्याच्या आईकडेही नसतो. तो तिच्या वकिलांच्या कपाटात असतो. सुट्टीआधी चौदा दिवस मी तो लेखी मागायचा आणि परत आल्यावर अठ्ठेचाळीस तासांत नेऊन द्यायचा, असा आम्ही राहतो त्या परदेशातल्या कौटुंबिक न्यायालयाचा हुकूम आहे. कारणही त्यात लिहिलंय: हा माणूस मुलाला घेऊन देश सोडेल आणि परतणार नाही, अशी भीती वाटायला जागा आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा कानशिलं तापली. पोटच्या पोराला कोणी ‘पळवतं’ का?

मग तिच्या अर्जातली यादी वाचली. मी राजीनामा दिला होता. भाड्याचं घर सोडायची नोटीस दिली होती. शाळेतून पोराच्या कागदांच्या प्रती घेतल्या होत्या, जन्मदाखल्याची जादा प्रत मागवली होती. प्रत्येकाला माझ्याकडे कारण होतं: दुसरी नोकरी, लहान घर, नवी शाळा. माझ्या वकीलबाईंनी अमेरिकेतला २००६ सालचा एक नमुना कायदा पुढ्यात ठेवला. असा धोका ओळखताना न्यायाधीशांनी काय बघावं, ते त्यात दिलंय. नोकरी सोडणं, भाडेकरार संपवणं, बँकेतली खाती बंद करणं, मुलाचा जन्मदाखला, शाळेचे कागद गोळा करणं. “बँकेचं खातं तेवढं राहिलंय तुमचं,” बाई म्हणाल्या. हसल्या नाहीत.

आता खरं सांगतो. सुनावणीच्या आदल्या आठवड्यात एका रात्री मी फक्त जाण्याच्या तिकिटांचे दर बघितले होते. दोघांच्या. काढली नसती, असं मी आजही म्हणतो. पण बघितले होते.

आणि एकदा भारतात गेलो असतो तर तिच्या हातात फारसं काही उरलं नसतं. १९८० च्या हेग या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे सोळा वर्षांखालच्या मुलाला असं नेलं, तर त्याला राहत्या देशात परत पाठवायचं; ताबा कोणाचा, ते तिथलंच कोर्ट ठरवणार. अर्ज वर्षाच्या आत केलेला बरा, कारण नंतर ‘मूल इथे रुळलंय’ हा बचाव उभा राहतो. पण भारत या करारातच नाही. परदेशी कोर्टाचा हुकूम हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, मुलाचं हित त्याहून वर, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलंय. म्हणजे तिला परक्या देशातल्या कोर्टात सगळं पहिल्यापासून मांडावं लागलं असतं. अडवायचं तर विमान सुटायच्या आधीच.

तिच्या वकिलांचा पहिला मसुदा एका ओळीचा होता: मुलास देशाबाहेर नेऊ नये. न्यायाधीशांनी विचारलं, “आणि विमानतळावर याला अडवणार कोण?” त्या प्रश्नावर अर्धा तास गेला. पोराला दोन देशांचे पासपोर्ट मिळू शकतात. एक जमा केला, तरी दुसऱ्या देशाच्या वकिलातीवर या कोर्टाचा हुकूम चालत नाही. म्हणून मनाई माझ्यावर आली: मुलाच्या नावे कुठल्याही देशाच्या पासपोर्टसाठी किंवा व्हिसासाठी मी अर्ज करायचा नाही. मुलाला सीमेवर अडवायच्या सूचनेचंही प्रत्येक देशात वेगळं. इंग्लंडमध्ये पोलिसांचा असा इशारा २८ दिवस चालतो, पुढे मुदत वाढवून घ्यावी लागते. ऑस्ट्रेलियात मुलाचं नाव केंद्रीय पोलिसांच्या यादीत चढतं. भांडण मिटलं तरी ते काढून घ्यायचं राहिलं, तर सुट्टीला निघालेलं कुटुंबच विमानतळावर अडकतं. अमेरिकेत बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारायला सरकारी माणूसच बसलेला नसतो. हे सगळं मी रात्री जागून वाचलं. कोणाच्या बाजूने वाचत होतो, ते मलाच कळत नव्हतं.

त्याच हुकुमात मला जायची परवानगीही आहे, हे मात्र बऱ्याच उशिरा ध्यानात आलं. तारखा, परतीचं तिकीट, उतरण्याचा पत्ता, रोज संध्याकाळी आईशी व्हिडिओ कॉल. तिला भारतातल्या कोर्टाकडूनही तसाच हुकूम, म्हणजे मिरर ऑर्डर, आधी हवी होती. तेवढ्यात पोराची सुट्टी संपून गेली असती. शेवटी हमीरक्कम भरण्यावर निभावलं. रक्कम सांगत नाही, पण नवी गाडी अजून घेतलेली नाही. हुकुमाआधी ती आठवड्याच्या सहलीलाही सही देत नव्हती. आता तीन आठवड्यांना देते.

पहिल्या खेपेला इमिग्रेशनच्या खिडकीशी अधिकारी पडद्याकडे बघत राहिला. मी फाइलमधून हुकुमाची प्रमाणित प्रत काढली. त्याने तारखांवरून बोट फिरवलं, पोराला विचारलं, “हे कोण?” “बाबा,” तो म्हणाला. “आणि परत कधी येणार?” पोराने तारीख सांगितली, वर वारही सांगितला. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशीची होती ना!

उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी वकिलांकडे गेलो. तिथली मुलगी पासपोर्टचा नंबर ताडून बघते, वेळ लिहिते आणि पावती फाडते. अशा पाच पावत्या झाल्यात. गेल्या वेळी पोरगं सोबत होतं. पावती त्यानेच मागून घेतली आणि घडी घालून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवली.