एका सेलमधले अकरा इफ

आमच्या मनीषनगरातल्या फ्लॅट स्कीमच्या महिन्याच्या मेंटेनन्सचा हिशेब माझ्याकडे आला तो एका पेन ड्राइव्हवर, सोबत काकाजींची ताकीद. “सगळं आपोआप होते. फक्त पिवळ्या रकान्याला हात नको लावू.”

मी लावला. फॉर्म्युला बार खाली ओढत गेले तरी संपेना. एकात एक अकरा इफ, म्हणजे ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ अशा अटी, आणि शेवटी कंसांची रांग. २००७ च्या आधीचं एक्सेल एकात एक सातच इफ चालवून घ्यायचं. मग ती मर्यादा ६४ झाली. सातच बरे होते. आठव्याला माणूस निदान डोकं खाजवायचा.

वाचता वाचता कळलं, हा हिशेब नव्हेच, मीटिंगांची बखर आहे. दोन बेडरूमचा असेल तर इतके, तीनचा असेल तर तितके. भाडेकरू असेल तर जास्तीचे (हे कलम एका गणपतीतल्या भांडणानंतरचं). एप्रिल ते जून असेल तर कूलरच्या पाण्याचे वेगळे, कारण नवतप्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की आमचे कूलर रात्रंदिवस टाकी उपसतात. त्यावर एसीवाले म्हणाले, आम्ही काऊन द्यायचे? त्यांच्यासाठी आणखी एक इफ. दहा तारखेनंतर दंड. आणि सगळ्यांत आत, जिथे नजर सहसा जात नाही तिथे : फ्लॅट ३०२ असेल तर शून्य. का, ते कुठेच नाही.

पिवळा रकाना सोडून मी शेजारी मोबाइल नंबरचा एक कॉलम तेवढा घातला. तक्त्यातून माहिती शोधून आणणाऱ्या व्हीलुकअप फॉर्म्युल्याला ‘चौथ्या कॉलममधलं आण’ असं सांगून ठेवलेलं. तो बिचारा नाव बघत नाही, कॉलम मोजतो. आणि चौथ्या जागी आता मोबाइल नंबर होता. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या वहिनींना मागच्या थकबाकीपोटी नऊशे ऐंशी कोटी आणि वर काही चिल्लर भरायची सूचना गेली. त्यांचा निरोप आला, “हप्त्यानं चालन का?”

आधी मी फॉर्म्युलाच दुरुस्त करत बसले. एरर आली की तिच्या जागी दुसरं काही दाखवणाऱ्या इफएररची पांघरुणं घातली, म्हणजे चूक तशीच राहून दिसेनाशी झाली. दोन रात्रींनंतर उजेड पडला की फॉर्म्युला अवघड नव्हता, शीटच तशी मांडली होती. बारा महिन्यांच्या बारा शीट. दर फॉर्म्युल्याच्या पोटात, म्हणून शंभर रुपये वाढवायचे तर बारा ठिकाणी शस्त्रक्रिया. वर मर्ज केलेल्या सेलचं तोरण, त्यामुळे धड सॉर्टही होत नाही.

मग तीनच शीट ठेवल्या : दर, फ्लॅट, वसुली. दरांत बारा महिन्यांच्या बारा ओळी. एप्रिल, मे, जूनचे आकडे तिथेच मोठे लिहिले आणि कूलरचा इफ आपोआप गळाला. वसुलीत एका फ्लॅटच्या एका महिन्याला एक ओळ. मूळ रक्कम, भाडेकरूचे, दंड, सवलत असे वेगळे कॉलम आणि शेवटी नुसती बेरीज. एकाच सेलमध्ये सगळं कोंबण्याची हौस मलाही आहे, हुशार वाटतं. पण मिसळणाच्या डब्यात वाट्या वेगळ्या असतात म्हणूनच तिखट संपत आलंय हे दिसतं.

काकाजींना दाखवायला बोलावलं. चष्मा पुसत त्यांनी स्क्रीन वर-खाली केली. “माझा फॉर्म्युला कुठं गेला?” मी दरांची शीट उघडून दिली. “इथं सांडलाय.” ते हसले नाहीत.

सवलतीच्या शेजारी मी ‘कारण’ नावाचा एक कॉलम ठेवला होता. त्यात एकच ओळ रिकामी होती, ३०२ ची. तिथले आजोबा गेले, मुलांनी फ्लॅट विकला, नवे लोक येऊन तीन वर्षं झाली. त्यांना आपल्याला शून्य का येतं हे ठाऊक नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही, कोण विचारेल?

काकाजींनी कीबोर्ड ओढला आणि एका बोटाने हळूहळू टाइप केलं : ‘रोज पहाटे चारला मोटार सुरू करतात.’

जरा वेळ बघत राहिले. मग मागे जाऊन ‘करतात’ खोडलं, ‘करत’ लिहिलं आणि म्हणाले, “पुढच्या महिन्यापासून लाव त्यांना.”