आठशेला पाचवा गिअर: कामाची आजवरची नोंद

गाडी १९९७ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. एफ८बी इंजिन, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ३७ बीएचपी आणि मूळचा चार गिअरचा बॉक्स. इंजिनाचं काम आधीच झालंय, तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे. बॉक्स मात्र थकला होता. वरून दुसऱ्यात उतरताना खरखर, आणि उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की तिसरा उडून न्यूट्रलला. एवढं झाल्यावर बॉक्स खाली उतरवावा लागणारच होता. मग जुनाच भरून (म्हणजे झिजलेले भाग बदलून) घ्यायचा की पाच गिअरचा बसवायचा, हा प्रश्न आला.

मी आधी वही घेऊन बसलो. या बॉक्सचा चौथा गिअर ०.९००, फायनल ड्राइव्ह (गिअरनंतर चाकांकडे जाणारी शेवटची दातांची जोडी) ४.३५१. गुणाकार ३.९२, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे तेवढे फेरे. टायर १४५/७० आर १२, म्हणजे चाकाचा एक फेरा साधारण १.५५ मीटर. ताशी ८०ला इंजिन ३४००च्या आसपास फिरतं. कोल्हापूर-पुणे हायवेला तासन्‌तास याच आकड्यावर बसावं लागतं. तीन सिलिंडरचा तो आवाज आपल्या सगळ्यांच्या कानात पक्का बसलाय. आता फायनल ड्राइव्ह तोच ठेवून ०.७५च्या जवळपासचा पाचवा मिळाला, तर त्याच वेगाला इंजिन २८००वर येतं. सहाशे आरपीएम कमी! हे पाहूनच मी ठरवलं.

पण माझ्या मते खरी निवड गिअर किती यावर नसते, फायनल ड्राइव्हवर असते. मोठ्या इंजिनाच्या गाडीचा बॉक्स कसाबसा बसवून घेणारे भेटतात. तिथे फायनल ड्राइव्ह लांब, म्हणजे कमी आकड्याचा, असला की सगळेच गिअर लांबतात, पहिलासुद्धा: वेग वाढतो, ओढ कमी होते. आंबा घाटात चार माणसं आणि डिकीत सामान घेऊन ५९ न्यूटन मीटरच्या इंजिनाला लांब पहिला-दुसरा दिलात, तर क्लच प्लेट जळणार. जाड टायर टाकायचा स्वस्त उपायही याच कारणाने मला पटत नाही. अल्टोचा १४५/८० आर १२ टाकला की चाक जवळपास सहा टक्के मोठं होतं, हायवेला बरं वाटतं, पण घाटात तेवढीच ओढ जाते. मला खालचे चार होते तसेच हवे होते आणि वर एक जादा.

त्या हिशेबाने पर्याय दोनच उरले. २००० साली एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनच्या) इंजिनाबरोबर पाच गिअरची ८००ही आली होती, तिचा बॉक्स. पण ती फार वर्षं राहिली नाही, त्यामुळे तो धड अवस्थेत मिळणं कठीण. दुसरा ८०० सीसी अल्टोचा. तो जुन्या बाजारात हवा तेवढा पडलेला असतो. झेन आणि वॅगन आरचे बॉक्स मी विचारातच घेतले नाहीत. अॅक्सल, क्लच, माउंटिंग असं एकामागून एक बदलत बसावं लागतं, आणि शेवटी गाडी ८०० राहत नाही.

बाजारात सगळेच बॉक्स 'कंपनी फिटिंग, एकदम चालू' असतात. आमचे उद्यमनगरातले मामा, ज्यांच्या गॅरेजमध्ये हे काम चाललंय, त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "दादा, उघडून बघितल्याबिगर पैसं द्यायचं न्हाई." उघडायच्या आधीही एक गोष्ट दुकानातच करता येते: गिअरचं प्रमाण मोजणं. बॉक्स फरशीवर ठेवा. अॅक्सलची एक बाजू घट्ट धरा, दुसरीवर खडूने खूण करा. गिअर टाकून इनपुट शाफ्ट हाताने फिरवा आणि खुणेचा एक फेरा पुरा होईपर्यंत शाफ्टचे फेरे मोजा. एक बाजू अडवल्यामुळे डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) मोकळ्या बाजूला दुप्पट फिरवतं, म्हणून आलेल्या आकड्याची दुप्पट म्हणजे खरं एकूण प्रमाण. जुन्या बॉक्सचा पहिला गिअर ३.५८५, फायनल ड्राइव्हसकट १५.६. म्हणजे या पद्धतीने पावणेआठच्या किंचित वर फेरे यायला हवेत. चौथ्यात दोनला थोडे कमी. घेतलेल्या अल्टोच्या बॉक्समध्ये खालच्या चार गिअरचे फेरे जुन्याच्या इतके जवळ आले की खडूच्या खुणेने फरक दाखवता येणार नाही. स्टिकरवर काय लिहिलंय आणि विकणारा काय सांगतोय, यापेक्षा या मोजणीवर माझा जास्त विश्वास.

मग मामांनी बॉक्स खोलला. या बॉक्समध्ये पाचव्या गिअरची जोडी मुख्य केसच्या बाहेर, टोकाच्या साइड कव्हरखाली असते. ऑइल कमी राहिलं की आधी तीच कोरडी पडते, म्हणून पहिला बोल्ट तिथला सोडायचा. दात निळसर पडले असतील तर बॉक्स तसाच परत द्यायचा. आमचे दात स्वच्छ निघाले. सिंक्रोच्या (गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगा एकेक करून गिअरच्या कोनवर दाबल्या आणि मधल्या फटीत फिलर गेज घातलं. ०.५ मिलिमीटरच्या खाली फट गेली की रिंग संपली. दुसऱ्याची रिंग अगदी काठावर होती, मामा "चालंल" म्हणाले, पण मी नवीच टाकायला लावली. बॉक्स पुन्हा उतरवायची मजुरी रिंगेच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त. इनपुट शाफ्टची बेअरिंगं आणि सगळी ऑइल सील बदलली. बांधताना पाचव्यातून थेट रिव्हर्स पडू न देणारा अडसर नीट काम करतोय का, हे टेबलावरच गिअर टाकून पाहिलं. गाडीत चढल्यावर ते कळणं महागात पडतं.

बसवताना खरा वेळ साइड कव्हरने खाल्ला. त्यामुळे बॉक्स डावीकडे लांब होतो आणि त्या बाजूच्या माउंटिंगचा हिशेब बदलतो. ब्रॅकेट उद्यमनगरातच बनवून घेतलं. पुठ्ठ्याचा साचा, मग पातळ पत्रा, मग जाड प्लेट, अशा क्रमाने. भोकं बरोबर जुळली तरी तेवढ्यावर थांबू नका, बॉक्सची उंची मोजा. तो एका बाजूला कलला तर अॅक्सलचा कोन बिघडतो आणि पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर कटकट सुरू होते. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवं. गिअर रॉडचे रबर बुशही बदलले. काम छोटं, पण लिव्हर हातात एकदम नेमका आला.

ऑइल ७५डब्ल्यू-९०, दर्जा जीएल-४. इथे मी हट्टी आहे. बाजारात जीएल-५ सहज पुढे केलं जातं, 'भारीतलं आहे' म्हणून. त्यातली जास्तीची द्रव्यं डिफरन्शियलच्या हायपॉइड, म्हणजे एकमेकांवर जोरात घासणाऱ्या तिरक्या दातांसाठी असतात. अशी कित्येक ऑइलं पितळेला सोसत नाहीत, आणि रिंगेला कोनवर जी पकड लागते ती निसटते. मग गिअर खरखरतो आणि दोष बॉक्सला जातो. गाडी सपाट जागी उभी करून लेव्हलच्या भोकातून ऑइल बाहेर येईपर्यंत भरायचं, अंदाजाने नाही.

रस्त्यावर आता गाडी फार गोड चालते. कागल ओलांडून निपाणीकडे जाताना पाचवा टाकला की आवाज खाली बसतो आणि शेजारच्याशी साध्या आवाजात बोलता येतं. मात्र ७०च्या खाली पाचवा टाकू नका. या इंजिनाचा टॉर्क २५००च्या आसपास सगळ्यात जास्त असतो आणि पाचव्यात तो आकडा ७०च्या थोडा पुढे येतो. त्याच्या खाली इंजिन घुसमटतं, पेट्रोलही वाचत नाही. साधा चढ लागला तरी चौथा. आंबा घाट जुन्या बॉक्ससारखाच चढली, दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा. मला हवं होतं ते हेच.

दोन कामं बाकी आहेत. स्पीडोमीटर जास्त वेग दाखवतोय, जीपीएसवर ७५ असताना काटा ८०च्या जवळ. केबलचं पिनियन (केबल फिरवणारं छोटं दातेरी चाक) अल्टोच्या मोठ्या टायरच्या हिशेबाचं आहे, म्हणून जुन्या बॉक्समधलं पिनियन याच्यात बसतं का ते पाहायचंय. आणि पहिलं ऑइल लवकर काढून त्यातला कीस तपासायचा. बारीक राखाडी चिखल चालेल, चमकणारे पितळी कण दिसले तर दुसऱ्या गिअरच्या रिंगेकडे पुन्हा पाहावं लागेल. जुना चार गिअरचा बॉक्स विकलेला नाही. केस आणि डिफरन्शियल उत्तम आहे, तिसऱ्याचा स्लीव्ह (सरकून गिअरला शाफ्टशी जोडणारी दातेरी कडी) आणि दोन रिंगा मिळाल्या की तोही भरून ठेवणार. कुणाकडे स्लीव्ह असेल तर त्याच्या दातांच्या टोकांचा जवळून फोटो काढून पाठवा. टोकं गोल झालेला स्लीव्ह नको, तिसरा उडतो तो त्यामुळेच.