वर दिसलेले उत्तर

आज कपाशीत डोमकळ्या (गुलाबी बोंडअळी लागल्याने नीट न उमललेली फुले) दिसल्या, म्हणून शेजारच्या काकाजींनी फोटो काढून शेतकऱ्यांच्या एका फेसबुक गटावर उपाय विचारला आणि संध्याकाळी ओसरीवर मला उत्तरे वाचायला बसवले. सर्वांत वर, भरपूर पसंती मिळवून बसलेले उत्तर महागड्या फवारणीचे होते. डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात आणि कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या) सलग 3 दिवस रोज 8 पतंग सापडले किंवा 10 टक्के फुले-बोंडे किडली, तरच फवारावे, हे नेमके उत्तर मात्र बरेच खाली गेल्यावर सापडले; ते उशिरा आले, एवढाच त्याचा दोष.

2013 साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मुचनिक, अराल आणि टेलर या संशोधकांच्या प्रयोगात संकेतस्थळावर वाचकांनी लिहिलेल्या काही मतांना सुरुवातीलाच मुद्दाम एक पसंती देण्यात आली, तेव्हा त्यांचे अंतिम गुण सरासरी 25 टक्क्यांनी वाढले. सुरुवातीला नापसंती दिलेली मते मात्र पुढच्या वाचकांनी सावरून घेतली. म्हणजे चुकीची निंदा आपण दुरुस्त करतो, पण चुकीच्या कौतुकामागे मुकाट्याने जातो. (आमच्या ग्रामसभेतही पहिल्या खुर्चीवरचा माणूस बोलला की बाकीच्यांच्या माना हलू लागतात.) गडचिरोलीतील मेंढा-लेखाची ग्रामसभा बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेते, तिथे शेवटच्या माणसाचे ऐकल्याशिवाय विषय संपत नाही. फोनवर अशी सोय नाही, तिथे क्रम यंत्र ठरवते.

हे सारे सांगितल्यावर काकाजी एवढेच म्हणाले, “मंग उद्यापासून खालूनच वाचत जाय.”