बटरस्कॉचमधली बेरी

त्या शुक्रवारी बारशाची ऑर्डर होती. बटरस्कॉच पुडिंगचे चाळीस कप, बिनअंड्याचे, संध्याकाळी पाचला तयार हवे. घरून गोडाधोडाच्या ऑर्डरी घ्यायला लागून सहा वर्षं झाली, पण एवढं पुडिंग एका वेळी कधी केलं नव्हतं.

शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. सकाळी सातलाच जाऊन माडाचा गूळ आणला, काळाभोर, पिरॅमिडच्या आकाराचा. इथे गोव्यात दोदोल या गोड पदार्थाला लागतो तोच. बटरस्कॉचला ब्राऊन शुगर लागते, कारण तिच्यात मळीची चव असते. मला ती चव या गुळात जास्त खोल लागते. मात्र त्यात कचरा, बारीक खडे असतात, म्हणून थोड्या पाण्यात विरघळवून गाळूनच घ्यावा.

बिनमिठाचं लोणी जाड बुडाच्या पातेल्यात कढायला ठेवलं. आधी ते तडतडतं, म्हणजे त्यातलं पाणी उडत असतं. आवाज थांबला की वर फेस येतो आणि खाली बेरी धरायला लागते. तूप करताना आपण इथेच गाळतो. पुडिंगसाठी गाळायचं नाही. बेरी बदामी झाली, खमंग वास सुटला, की लगेच गुळाचं पाणी ओतायचं. हात लांब ठेवून, कारण ते उसळतं.

पाक घट्ट, चकचकीत झाला आणि घाईत मी दोन लिटर गरम दूध एकदम त्यात ओतलं. क्षणात फाटलं. तपकिरी पाण्यात पांढऱ्या कण्या. घड्याळात साडेदहा.

मी आईला सावंतवाडीला फोन लावला. खरं तर रडायलाच. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "गव्हाच्या खिरीत दूध कधी घालतेस गो तू?"

खीर थोडी निवल्यावर. हे मला लहानपणापासून माहीत होतं. गूळ आंबटसर असतो, उकळत्या दुधाशी गाठ पडली की दूध नासतं. पुडिंग हे साहेबी नाव पुढे आल्यावर खिरीची अक्कल मी बाजूलाच ठेवली होती.

मदतीला येणाऱ्या मुलीला पुन्हा दुधाला आणि लोण्याला पाठवलं. या वेळी तीन लिटर दुधापैकी थोड्या थंड दुधात दोनशे ग्रॅम कॉर्नफ्लॉवर कालवलं, बाकीचं दूध तापवून त्यात ते सोडलं आणि चांगलं रटरटेपर्यंत ढवळत राहिले. नुसतं दाट दिसतं म्हणून उतरवलं तर कच्चट चव राहते. दुसऱ्या पातेल्यात चारशे ग्रॅम लोणी, नऊशे ग्रॅम गूळ. पाक वाटीभर पाण्यात टाकून बघितला. मऊ गोळी वळली तेव्हा गॅस बंद केला. चिमूटभर खायचा सोडा, मग एक लिटर क्रीम थोडं थोडं करून. फाटलं नाही. दाट झालेलं दूधही उतरवून पाच मिनिटं निवू दिलं आणि हा पाक डावाडावाने त्यात मिसळला. शेवटी इथल्या मिठागरातलं खडेमीठ कुटून दोन चमचे. मीठ घालायच्या आधी आणि नंतर चाखून बघा. आधी ते नुसतं गोड असतं, मिठानंतर त्यातलं लोणी जिभेला कळतं.

दीडला कप फ्रीजमध्ये गेले.

पाचला बाळाची आजी स्वतः आली. झाकण उघडून म्हणाली, "हे तपकिरी कसं गं? बटरस्कॉच पिवळं असतं ना?"

"काकी, पिवळा रंग आइस्क्रीमवाल्यांचा. इंग्लंडमधल्या डॉनकास्टरला सॅम्युएल पार्किन्सनने १८१७ सालापासून बटरस्कॉच करायला घेतलं, ते मुळात लोणी आणि साखर शिजवलेलं. त्याचा रंग शिजण्यातून येतो. मी इसेन्स घातलेलाच नाही."

तिला डॉनकास्टरशी काही देणंघेणं नव्हतं. तिने चमचा मागितला. पहिला घास तोंडात बराच वेळ धरला, मग दुसरा. कप अर्धा संपल्यावर तिने मान वर केली.

"बेरी घातली आहेस तू ह्यात?"

"हो."

"आमची आई बेरीत गूळ कालवून द्यायची. भांडं खरवडायला आम्ही पाचही भावंडं धावायचो."

उरलेला कप तिने तिथेच, माझ्या ओट्याशी उभं राहून संपवला. एकोणचाळीस कप गाडीत गेले.